एका वेळी एकच नाव

बाई मला पहिल्या दिवसापासून ‘मिठबाव’ म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण उभी नोकरी मालवणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, त्यामुळे त्यांच्या लेखी माणूस म्हणजे तो जिथून बोलतो ते गाव. दूध घालणारा कांदळगाव, कलेक्टर कचेरीत चिकटलेला त्यांचा सख्खा भाचा ओरोस, आणि त्यांच्या मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ थाटणारा मी मिठबाव. एका लग्नात त्यांनी मांडवाच्या या टोकाहून ‘ओ कट्टा’ अशी हाक मारली, तेव्हा कट्ट्याची चार माणसं उठून उभी राहिली. बाईंनी हवा तो ठेवून घेतला आणि उरलेल्यांना खाली बसवलं.

तीन मिनिटांच्या हिशेबानं चालणाऱ्या ट्रंककॉलच्या दिवसांची आणखी एक सवय त्यांच्या अंगात मुरली होती. दारात कोणी गप्पा मारत रेंगाळलं की बाई मालवणी सोडून एकदम कचेरीतल्या मराठीत शिरत. "तीन मिनिटं झाली. वाढवायची आहेत?" समोरचा गांगरून ‘नाय, नाय’ म्हणे आणि चालू लागे. मी एकदाच ‘वाढवा’ म्हणालो. बाई म्हणाल्या, "मगे कामाचा बोल." माझ्याकडे कामाचं काही नव्हतं.

मी मालवणात कसा आलो तेही सांगतो, कारण त्यात माझी हुशारी दिसते. मुंबईत एका स्टुडिओत मी बरीच वर्षं केबली गुंडाळत होतो. इतक्या सुबक गुंडाळायचो की आपण साउंड इंजिनीयर झालो अशी माझी समजूत झाली. त्या समजुतीच्या भरात डोंबिवलीची भाड्याची खोली सोडली, एक कंप्युटर, एक साउंड कार्ड आणि दोन माइक घेतले आणि परत आलो. हिशेब सरळ होता. आपल्याकडे गावागावात भजनी मंडळ, प्रत्येक मंडळाला एक बुवा, आणि प्रत्येक बुवाला खात्री की समोरच्या बुवापेक्षा आपला आवाज बरा. हा धंदा बुडणं शक्यच नव्हतं. खोलीच्या भिंतींना मी काथ्याच्या चटया ठोकल्या. त्यामुळे आवाज घुमायचा थांबला आणि आत येणाऱ्याला आपण न सोललेल्या नारळात शिरलोय असं वाटू लागलं.

बाईंची अट एकच होती. "गाणा चलात, बोंबलणा चलात. तुटको आवाज माझ्या घरात चलाचो नाय."

पहिल्याच महिन्यात आवाज तुटायला लागला. गाणं छान चाललेलं असायचं आणि मध्येच ‘टक्’. क्षणभर काही नाही, मग पुढचं अक्षर अर्धं खाल्लेलं. कोणी ‘माधवा’ म्हणून आळवावं आणि कंप्युटरनं ‘मा–वा’ ऐकवावं. मी पडद्याकडे डोळे फाडून बघत बसलो होतो, तोच भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला.

"मिठबाव, तुझ्या मशीनीक उचकी लागली."

आता किनाऱ्यावरचा माणूस बिघाडाला एकच कारण देतो. दाराची कडी गंजली, खारी हवा. पंखा कुरकुरतो, खारी हवा. आमच्या मिठबावात एकाचं जुळलेलं लग्न मोडलं तेव्हाही कोणीतरी हवेलाच दोष दिला होता. मीही त्याच हवेत वाढलेला. साउंड कार्ड स्पिरिटनं पुसलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, आणि शेवटी भिजलेला मोबाइल ठेवतात तसं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. तांदूळ उकडा. दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं तर कार्डाला तारच जोडता येईना. बाईंनी केसांतली पीन काढली, तारेच्या खाचेतून एक फुगीर दाणा उकरून काढला आणि तळहातावर ठेवून मला दाखवला.

"उचकी लागली म्हणान भात भरवलंस? पानी पाजूक नाय ह्यां बरां केलंस."

खाऱ्या हवेवरचा विश्वास उडाल्यावर मी मोबाइलवरच्या इंटरनेटकडे वळलो. तिथे आवाज तुटण्यावर उपाय सांगणारे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय दुसऱ्याच्या उलट. हे बंद करा, ते चालू करा, हा आकडा वाढवा, तो कमी करा. मी एका दुपारी ते सगळेच करून टाकले. कंप्युटर बंद करून परत चालू केला, तर उचकी तर होतीच, शिवाय डाव्या बाजूचा स्पीकर मुका झाला. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"उचकी लागली तर तुझी आवस काय करी?"

"आई पाणी देई."

"आनि?"

"नावं घेई. कोण आठवण काढतं ते बघायला."

"सगळी नावां एकदम घेई?"

मी मुक्या स्पीकरकडे बघितलं.

"एका वेळेक एकच नाव, मिठबाव. ता घेवचा, थांबाचा, ऐकाचा. उचकी रवली तर तोच आठवण काढी होतो. नाय रवली तर दुसरा नाव. तू अख्ख्या गावाची हजेरी घेतलंस. आता उचकी रवली तरी ती कोणामुळा रवली, ता तुका खंय कळतला?"

हे बोलणं ऐकून कोणाला वाटेल की बाई म्हणजे साध्यासुध्या, आणि त्यांना आपलं सहज सुचलं. तसं काही नव्हतं. हातानं पिना खोचायच्या बोर्डापासून कंप्युटरवर चालणाऱ्या एक्स्चेंजपर्यंत सगळं त्यांनी चालवलं होतं, परराज्यात जाऊन ट्रेनिंग घेतलं होतं आणि तिथे पहिल्या आल्या होत्या. हे मला कसं कळलं? त्यांनीच सांगितलं, आणि बरेचदा सांगितलं. नम्रता त्यांना जमत नव्हती आणि आपल्याला ती जमत नाही याचाही त्यांना अभिमान होता.

ऐकण्याची त्यांची पद्धत वेगळी. उजवा कान हेडसेटचा, म्हणून तोच कामाचा. डाव्यानं फारसं ऐकू येत नसे, तो ‘खात्याक दिलो’, असं त्या म्हणत. ऐकायचं असलं की खुर्ची फिरवून कंप्युटरकडे पाठ करून बसायच्या, मान थोडी तिरकी, नजर भिंतीवरच्या चटईवर. मी पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा दाखवायला गेलो तर म्हणाल्या, "बघान कोणाक ऐकाक इला?"

कंप्युटरात काय होतं आहे हेही त्यांनी मला एक्स्चेंजच्याच भाषेत समजावलं. पूर्वी कॉल तीन प्रकारचे असत: साधा, अर्जंट आणि लायटनिंग. लायटनिंग आला की बाकीच्यांना बाजूला करून आधी तो जोडायचा. "तुझा गाणा म्हणजे साधो कॉल. रांगेत उभो आसा. मधीच कोण तरी लायटनिंग लावता, आनि तुझो प्रोसेसर तेका वाट करून देता. तेवढ्यात गाण्याची लाइन तुटता." पूर्वी लायटनिंगनं माणूस गेल्याची खबर यायची. माझ्या कंप्युटरात ‘प्रिंटर सापडत नाही’ ही खबर लायटनिंगनं येत होती. प्रिंटर मी विकत घेतलेलाच नव्हता.

एकेक नाव घेत आम्ही प्रोसेसरच्या सेटिंगपाशी आलो. पडद्यावर चार पट्ट्या दिसत होत्या, प्रोसेसरच्या चार भागांच्या, आणि त्यांतल्या तीन जमिनीला टेकलेल्या.

"हे काय?"

"काम नसलं की ते झोपतात. वीज वाचते."

"कोणी सांगितल्यान?"

मीच. व्हरांड्यातला दिवा जळत राहिला की बाई बोलत, म्हणून त्यांच्यावर छाप पाडायला मी कंप्युटरला वीजबचतीवर टाकला होता. गाणं सुरू झालं की या झोपाळूंना हाका मारून उठवावं लागत होतं, आणि उठेपर्यंत आवाज जायचा.

"चार ऑपरेटर बसवलंस आनि तिघांका गोधडी दिलंस," बाई म्हणाल्या. "ड्युटीवर कोणाक झोपाक देवचा नाय."

मी प्रोसेसर सतत पूर्ण वेगात राहील असं सेटिंग केलं. बऱ्याचशा उचक्या त्या क्षणी गेल्या. मी पेढे आणायला निघालो, तर बाईंनी हात वर केला. टक्. एक उरली होती, आणि ती नेमानं येत होती. थोडा वेळ सगळं सुरळीत, मग टक्. पुन्हा तितकाच वेळ, पुन्हा टक्.

इथे बाई चुकल्या, आणि चुकल्या त्याही थाटात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बर्फाचा कारखाना होता. त्याची मोटर ठरावीक वेळानं सुरू होई आणि घरातले दिवे जरा मंद होत. बाईंनी ठरवलं की उचकी तिथून येते. त्या पदर खोचून गेल्या आणि कारखानदाराला असं काही बोलल्या की त्यानं मोटरीला नवा स्टार्टर बसवला. उचकी चालूच. मग एक दिवस साऱ्या गल्लीची वीज गेली, कारखाना बंद, आम्ही इन्व्हर्टरवर, आणि तरीही टक्. माफी मागणं बाईंच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. पण नंतर कितीतरी दिवस त्या रोज त्या कारखान्यातून बर्फ आणत होत्या. घरात बर्फाचं काही काम नव्हतं. अंगणातल्या जास्वंदीला घालायच्या.

तोवर घाई कोणालाच नव्हती. मी आणि उचकी एकमेकांना सरावलो होतो. मग एक दिवस इन्सुलीचे बुवा आले.

डबलबारीत दोन मंडळं समोरासमोर बसून भजनातून एकमेकांवर कुरघोडी करतात, आणि शेवटी द्रुत लयीतला गजर करून मांडव डोक्यावर घेतात. इन्सुलीच्या बुवांचा गजर म्हणजे समोरच्या बुवानं आधीच पाणी मागवून ठेवावं असा. पण आता त्यांच्या गळ्यात मफलर होता. स्वरतंतूंवर गाठ आली होती आणि गोव्यात ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आवाज राहील, पण कोणता राहील ते सांगता येत नाही. बुवांनी त्या वर्षी एका नव्या गजराची चाल बांधली होती. ती त्यांच्या शिष्यांनीसुद्धा ऐकली नव्हती. ती फक्त त्यांच्या घशात होती.

"एकदा नीट गावन ठेवतंय," ते म्हणाले. "मागसून पोरां शिकतली. जास्त गावक माका बंदी आसा. तेव्हा जा काय ता एकदाच."

पखवाजासमोर जोर लावून गायला लागू नये म्हणून आम्ही ठेका आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता. तो आणि स्वतःचा आवाज हेडफोनात ऐकत बुवा गायले. डोळे मिटून, हात हवेत, अगदी शेवटपर्यंत. मी परत वाजवून दाखवलं. टक्. टक्. मोक्याच्या जागा नेमक्या खाल्लेल्या. बुवांनी कोमट पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "ह्यो गजर माझो न्हय."

तेव्हा मी माझी अक्कल चालवली. आवाज बाहेर पडण्याआधी कंप्युटर त्याचा थोडा साठा करून ठेवतो, त्याला बफर म्हणतात. नळाखालच्या कळशीसारखा तो. कळशी मोठी असली तर नळ मध्येच खोकला तरी पाणी कमी पडत नाही. मी कळशीच्या जागी हंडा ठेवला. पण साठा मोठा केला की गायलेलं हेडफोनात उशिरा पोचतं, हे मी विसरलो. बुवांनी पहिली ओळ उचलली, थांबले आणि मागे वळून बघितलं. मागे चटई.

"माझ्या मागसून कोण गाता?"

"तुम्हीच, बुवा. दुर्लक्ष करा."

त्यांनी प्रयत्न केला. पण ते जन्मभर साथीदारांना सांभाळून घेत आलेले. मागचा मागे पडतोय असं वाटून त्यांनी लय कमी केली. मागच्यानंही केली. बुवांनी आणखी कमी केली. शेवटी तो गजर रस्त्यात ओळखीचं माणूस भेटावं तसा थांबलाच. आणि ऐकून बघतो तर एवढं करून एक उचकी होतीच.

बुवांचा घसा बसला होता. "शनवारी येतंय," ते कसंबसं म्हणाले. "तेच्यामागसून गोवा."

शुक्रवारी दुपारी बाई जेवण उरकून आल्या. "माझी खुर्ची हाड." मी ती आणून दिली. कंप्युटरकडे पाठ करून बसल्या, उजवा कान स्पीकरकडे. माझं काम एवढंच होतं: ठेका चालू ठेवायचा, एक गोष्ट बंद करायची, आणि उचकीची वेळ येऊन जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

"ब्लूटूथ."

टक्.

"परत लाव. दुसरा नाव."

"परत कशाला लावायचं, बाई? बंदच राहू दे की."

"जेची आठवण नाय, तेका उगाच कित्याक बदनाम करतंस? परत लाव."

असं एकेक चाललं. कॅमेरा, टक्. व्हायरस शोधणारा, टक्. नसलेला प्रिंटर, टक्. मी वायफायचं नाव गाळून पुढे निघालो, तर बाई म्हणाल्या, "मधला एक नाव घेवक नाय तू."

"वायफाय. पण तुमच्या घरात वायफाय आहेच कुठे?"

"घरात नाय, आनि तरी चालू आसा? बंद कर तो."

बंद केला. ठेका चालू होता. उचकीची वेळ झाली. गेली. दुसरी वेळ आली, तीही गेली. बाईंनी एक बोट वर केलं, म्हणजे हलू नको. कपातल्या चहावर साय धरली.

"परत लाव."

लावला. टक्. बंद केला. काही नाही.

"कोणाक शोधता तो?" बाईंनी तशीच पाठ करून विचारलं.

मी बघितलं आणि मला हसूही येईना. डोंबिवलीच्या खोलीतलं वायफाय. तिथे राहत असताना, दिसलं की लगेच जोडला जा, असं मीच कंप्युटरला शिकवून ठेवलं होतं. इथे मालवणात, बाईंच्या घराच्या मागच्या खोलीत, माझा कंप्युटर थोड्या थोड्या वेळानं हातातलं गाणं खाली टाकून उठत होता आणि डोंबिवली दिसते का ते बघत होता.

"डोंबिवलीक," मी म्हणालो.

बाई समोरच्या चटईलाच म्हणाल्या, "म्हणजे तेची कोण आठवण काढूक नाय. तोच काढता." मग खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं. "तू काढतंस?"

"नाय."

"मगे तेका सांग, खोली सोडली म्हणान."

पडद्यावर तसं बटणच होतं, ‘हे नेटवर्क विसरा’. मी दाबलं. आज माझा स्टुडिओ कुडाळला आहे, मशीन नवं आहे आणि वायफायही आहे. पण काही बिघडलं की मी एकेक नाव घेत जातो, आणि निर्दोष सुटलेल्याला परत जागेवर लावतो. तेवढं एक मला येतं, आणि ते केबली गुंडाळून आलेलं नाही.

शनिवारी बुवा आले. मी काही बोलायच्या आत बाईंनी सांगितलं, "लाइन साफ आसा. बोला." आणि बुवांकडेही पाठ करून बसल्या.

बुवा गायले. हेडफोन त्यांच्या कानांवर, त्यामुळे आम्हाला ठेकाही ऐकू येत नव्हता, नुसता उघडा गळा. त्याला गाठ होती हे कळत होतं. ती गाठ ओलांडून स्वर पुढे जाताना कळत होतं. माझं लक्ष घड्याळावर. उचकीच्या वेळा येत होत्या आणि जात होत्या. शेवटचं आवर्तन आलं. बुवा वर चढले, आणि आवाज बंद.

मी सवयीनं पडद्याकडे बघितलं. चारही पट्ट्या जाग्या, रेकॉर्डिंग चालू, कुठेही काही तुटलेलं नाही. मग बुवांकडे बघितलं. डोळे मिटलेले, हात वर तसाच. माझा हात बंद करायच्या बटणाकडे गेला. बाईंना पाठीमागचं काय दिसलं कोण जाणे, त्यांनी तळहात वर केला आणि तसाच धरला. मग बुवांनी गजर परत उचलला, पण खालच्या स्वरात, हळूच, आणि तसाच शेवटाला नेऊन ठेवला.

हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "झाला?"

"झाला," बाई म्हणाल्या. कोणी पुढे काही विचारलं नाही. काय विचारायचं? गळ्यानं साथ सोडली होती, आम्हाला कळलं होतं.

बुवा गेल्यावर मी म्हटलं, ती रिकामी जागा कापून दोन्ही तुकडे जोडतो, कोणाला पत्ता लागणार नाही. तुटक आवाज चालायचा नाही, ही अट तर बाईंचीच.

"ह्यो तुटलेलो न्हय," बाई म्हणाल्या. "ह्यो थांबलेलो. तुका येवढा कळणा नाय तर तो धंदो कित्याक करतंस?"

मी ती जागा तशीच ठेवली.

ऑपरेशन नीट झालं. बुवा बोलायला लागले, पण आवाज पातळ, ओल्या कागदासारखा. गाणं संपलं. त्यांच्या मंडळानं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून गजर बसवला, आणि सप्ताहात डबलबारी ठरली तेव्हा बुवांनी आम्हा दोघांना बोलावणं धाडलं. दिवेलागणीला मांडव भरला होता. बुवा कडेला खुर्चीत, शेजारी बाई, त्यांच्यामागे मी. बाईंनी खुर्ची अर्थातच रंगमंचाकडे पाठ करून मांडली होती आणि पुढच्या रांगेतले लोक त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते.

बुवांच्या थोरल्या शिष्यानं गजर उचलला. चाल चढत गेली, झांजा तापल्या, शेवटचं आवर्तन आलं आणि सगळं मंडळ गप्प झालं. गळे, पेटी, झांजा, सगळं. एकटा पखवाज चालू. मी ताडकन उठलो आणि माइकची तार बघायला धावलो. तार ठीक होती. मी तसाच वाकलेला असताना सगळ्या मंडळानं खालच्या स्वरात गजर परत उचलला, आणि मांडवातून अशी दाद उठली की ती आधी मला माझ्यासाठीच वाटली. पोरांनी चाल जशी ऐकली तशी शिकली होती. थांबण्यासकट.

समोरचा बुवा कसलेला होता. त्यानं आपल्या पाळीत, ऐन रंगात, हात वर करून मंडळ थांबवलं. फक्त एका झांजवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो एकटाच बराच पुढे गेला.

हशा ओसरल्यावर बाई बुवांकडे कलल्या. मी अगदी मागेच होतो.

"ओ इन्सुली, एक विचारू? थंय तुमी थांबलास, तेव्हा घशात काय झालेला?"

बुवांनी मफलर सारखा केला. "घशाक काय एक होवक नाय, बाई," ते त्या पातळ आवाजात म्हणाले. "पुढची ओळ इसारलंय."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मगे हळू बोला," त्या म्हणाल्या. "समोरचो बुवा ऐकता."